सरपंचबाईंचा डोंगल कुणाच्या खिशात आहे?

गावात महिला सरपंच आहे, पण सत्ता बाईच्या हातात आहे का, हे ओळखायला भाषणं ऐकायची गरज नाही. ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन चार गोष्टी विचाराव्यात. ज्याने ऑनलाइन बिलं मंजूर होतात, तो सरपंचांच्या डिजिटल सहीचा डोंगल कुठे असतो? बँकेत आणि ग्रामपंचायतीचे पैसे जिथून निघतात त्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सरपंचांचा म्हणून कुणाचा मोबाइल नंबर नोंदवलाय? मासिक सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, सभेतच लिहिलं जातं की चार दिवसांनी? आणि सरपंचांचं मानधन कुणाच्या खात्यात पडतं? चारही उत्तरं बाईंच्या नावावर संपत असतील तर त्या गावात आरक्षण लागू पडलंय. चारही उत्तरं ‘साहेबांना विचारा’वर संपत असतील तर तिथे निवडणूक झाली, सत्तांतर झालं नाही.

महाराष्ट्रात स्थानिक संस्थांत महिलांना 1990 मध्ये 30 टक्के जागा मिळाल्या. 73व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून देशभर किमान एक-तृतीयांश जागा झाल्या आणि 2011 मध्ये राज्याने हे प्रमाण 50 टक्क्यांवर नेलं. राज्यात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत, म्हणजे निम्म्या खुर्च्यांचा हिशेब लहान नाही. आरक्षणाने सक्षमीकरण होतं की नाही, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही बाजू आपापल्या आवडीची गावं पुढे करतात. अभ्यासांनी मात्र बऱ्यापैकी स्पष्ट चित्र दिलंय. पश्चिम बंगालचा बीरभूम आणि राजस्थानचा उदयपूर या जिल्ह्यांवरचा 2004 चा अभ्यास सांगतो की, जिथे प्रमुखपद महिलांसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. बीरभूममध्येच, दोनदा महिला प्रमुख लाभलेल्या गावांत मुलामुलींच्या आकांक्षांमधलं अंतर सुमारे एक-तृतीयांशाने घटलेलं आढळलं.

याच संशोधकांपैकी काहींच्या आणखी एका पाहणीत खटकणारी गोष्ट निघाली. महिला प्रमुखांच्या गावांत पाण्याच्या सोयी जास्त होत्या, दर्जा कमी नव्हता, लाचही कमी द्यावी लागत होती, तरी गावकऱ्यांचं समाधान कमी होतं. काम बाईने केलं आणि लोकांना ते दिसलं नाही. म्हणून खालच्या कृतीत काम करणं आणि काम दाखवणं या दोन्हींना जागा दिली आहे. ही कृती नव्याने निवडून आलेल्या सरपंच आणि सदस्य महिलांसाठी आहे, बचतगटातल्या ज्या बायका त्यांच्यामागे उभ्या राहतात त्यांच्यासाठीही आहे.

अर्ज भरण्याआधी

महिला सरपंचांना पाडण्याचं सगळ्यात स्वस्त हत्यार अविश्वास ठराव नाही, अपात्रतेचा अर्ज आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 मध्ये अपात्रतेची कारणं आहेत: अपत्यांची अट, थकबाकी, शौचालय, सरकारी जागेवरचं अतिक्रमण. यातलं अतिक्रमणाचं कलम सुनेला सगळ्यात जास्त नडतं. घर सासऱ्याने तीस वर्षांपूर्वी गायरानात बांधलेलं असतं, तिने ना जागा धरली ना भिंत उभी केली, पण राहते त्याच घरात. कुटुंबाचं अतिक्रमणही उमेदवाराला भोवतं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं. दुसरीकडे जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याच्या महिला सरपंचांना अशाच तक्रारीवरून पदावरून काढलं होतं, तेव्हा सप्टेंबर 2024 मध्ये त्याच न्यायालयाने त्यांना परत खुर्चीवर बसवलं आणि बाई सरपंच झाली हे गावकऱ्यांना पचलं नाही, अशा अर्थाचे शब्द निकालात वापरले. निकाल चांगला आहे, पण दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत आणि उमेद प्रत्येकीकडे नसते.

म्हणून अर्ज भरण्याआधी घराचा नमुना 8 चा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यावर जागेचा प्रकार आणि क्षेत्र काय लिहिलंय ते बघा, गावठाणाच्या नकाशाशी ताडून घ्या. शंका असेल तर तलाठ्याकडून गट नंबरचा उतारा घ्या. घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती जपा. तोंडी ‘भरलंय’ चालत नाही. राखीव प्रवर्गातून उभ्या असाल तर जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज आणि त्याची पोच हाताशी ठेवा. निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र दिलं नाही तर पद आपोआप जातं. निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर 30 दिवसांत द्यायचा असतो. हा हिशेब बहुतेक ठिकाणी घरातला पुरुष ‘देतो, देतो’ म्हणतो आणि राहून जातो. पोच स्वतः घ्या. थेट निवडून येणाऱ्या सरपंचाचा जन्म 1 जानेवारी 1995 किंवा त्यानंतरचा असेल तर सातवी पास असणं लागतं, तो दाखलाही काढून ठेवावा.

पहिला आठवडा: नंबर, शिक्का, यादी

पदभार घेताना फोटो काढण्यात वेळ जातो आणि यादी राहते. यादीचा आग्रह धरा. त्यात काय हवं: सगळ्या बँक खात्यांचे नंबर आणि त्या दिवशीची शिल्लक, चेकबुकं आणि त्यातले उरलेले चेक क्रमांकासह, रोकड वही म्हणजे नमुना 5, प्रोसिडिंग बुक मासिक सभेचं वेगळं आणि ग्रामसभेचं वेगळं, अपूर्ण कामांची नावं, न भागवलेली बिलं, लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप, आणि जुन्या सरपंचांचा डोंगल. खाली ग्रामसेवकाची सही घ्या. 2024 पासून कागदावर त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात शब्द अजून ग्रामसेवकच आहे.

मग मोबाइल नंबर. हे क्षुल्लक वाटतं, पण खरी सत्ता इथूनच सरकते. निवडणुकीचा अर्ज भरताना फॉर्मवर नवऱ्याचा नंबर टाकलेला असतो. तोच नंबर पंचायत समितीच्या यादीत जातो, तिथून बँकेत, तिथून व्हॉट्सॲप ग्रुपवर. नंतर पाच वर्षं विस्तार अधिकाऱ्याचा फोन ‘सरपंच बोलताय ना?’ असं नवऱ्यालाच विचारत येतो. उपाय एका पानाचा आहे. गटविकास अधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहा: ‘मी अमुक ग्रामपंचायतीची सरपंच. यापुढे कार्यालयीन संपर्क, बैठकीच्या सूचना आणि पोर्टलवरील नोंदीसाठी पुढील मोबाइल नंबर वापरावा.’ आवक क्रमांक घेऊन प्रत जपा. तेच पत्र बँकेच्या शाखेत द्या. तोच नंबर कार्यालयाबाहेरच्या फलकावर रंगवून घ्या. स्वतःचा फोन नसेल तर पहिल्या मानधनातून साधा फोन घ्या. सप्टेंबर 2024 च्या निर्णयानंतर 2000 पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाचं मानधन महिना 6000 रुपये आहे, 8000 पर्यंत 8000 रुपये आणि त्यापुढे 10,000. ते पैसे तुमच्या एकटीच्या खात्यात पडायला हवेत, संयुक्त खात्यात नकोत.

सभा: कागद कसा राखायचा

मासिक सभा महिन्यातून किमान एकदा. बोलावण्याचा अधिकार सरपंचांचा, नोटीस ग्रामसेवक काढतो. साध्या सभेला पूर्ण तीन दिवस आधी, विशेष सभेला एक दिवस आधी. नोटिशीवर विषय असतात आणि शेवटी एक ओळ असते: ‘आयत्या वेळचे विषय’. गावातले बहुतेक घोळ या ओळीत शिरतात. पैशाचा, जागेचा किंवा नोकरीचा कुठलाही विषय आयत्या वेळी घ्यायचा नाही, असा नियम पहिल्याच सभेत ठराव करून लावा. विरोध झाला तर सांगा की, पुढच्या सभेला हाच विषय पहिल्या नंबरला घेऊ.

विषय ठरवताना ग्रामसेवक मागच्या महिन्याची नोटीस तारीख बदलून पुढे करतो. नोटीस निघण्याच्या दोन दिवस आधी कागदावर पाच ओळी तुम्ही स्वतः लिहून द्या. लिहिता येत नसेल तर सांगून लिहून घ्या आणि खाली सही किंवा अंगठा करा. निदान एक विषय दर महिन्याला तुमचा असला पाहिजे. नळाला पाणी किती वाजता येतं, अंगणवाडीच्या शौचालयाला दार आहे का, स्मशानभूमीच्या रस्त्यावर दिवा लागतो का. अशा विषयांना उपसरपंच हसतात. हसू द्या, नोंद होते.

आता प्रोसिडिंग. सर्वसाधारण पद्धत अशी असते: सभेत चर्चा होते, कोऱ्या पानावर हजेरीच्या सह्या घेतल्या जातात, चहा होतो आणि ठराव नंतर ‘साहेब लिहितील’. त्या कोऱ्या जागेत पुढे काय उतरलं हे सरपंचबाईंना लेखापरीक्षणाच्या वेळी कळतं. ही पद्धत मोडायला भांडण लागत नाही, तीन सवयी लागतात. हजेरीची सही सभेच्या सुरुवातीला वेगळ्या पानावर. प्रत्येक ठराव झाल्या झाल्या मोठ्याने वाचून घ्यायचा, सूचक आणि अनुमोदकाची नावं त्यातच, आणि मत विरोधात पडलं असेल तर तेही नावासकट. सभा संपली की शेवटच्या ओळीखाली ‘एकूण ठराव सात, अक्षरी सात’ असं लिहून उरलेल्या पानावर तिरकी रेघ मारायची आणि त्या रेघेवर सही करायची. मग मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो. या चौथ्या कामाला अर्धा मिनिट लागतो आणि पुढची दोन वर्षं वाचतात. ग्रामसेवक म्हणतील, ‘मॅडम, कच्चं लिहून मग पक्कं करू.’ कच्च्या पानाचाही फोटो काढा.

नवऱ्याने सभेत बसावं का? सभेत बोलण्याचा आणि मत देण्याचा हक्क सदस्यांचा आहे. अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची नवऱ्याची नाही. खुर्च्या सदस्यांच्या संख्येएवढ्याच मांडल्या तर हा प्रश्न शब्दाविना सुटतो, आणि लाजिरवाणा प्रसंगही टळतो. कोरम निम्म्या सदस्यांचा असतो, मतं समसमान झाली तर निर्णायक मत अध्यक्षांचं. हे मत तुमच्याकडे आहे, हे तुमच्या गटाच्या लोकांनाही पहिल्या महिन्यात कळलेलं बरं.

सभा रात्री साडेआठला ठेवण्याची काही गावांत रीत आहे, किंवा पेरणीच्या दिवसांत सकाळी अकराला. दोन्ही वेळा बाईंना जमू नयेत म्हणूनच निवडलेल्या असतात, असं आम्ही म्हणणार नाही. पण परिणाम तोच होतो. वेळ ठरवणं तुमच्या हातात आहे. दर महिन्याची 10 तारीख, दुपारी तीन, असं एकदाच ठरवा आणि वर्षभर हलवू नका. सलग सहा महिने गैरहजर राहिलेल्या सदस्याचं पद जाऊ शकतं, हेही महिला सदस्यांना सांगून ठेवा. सह्या घरी नेऊन घेण्याची पद्धत त्यांच्याच मुळावर येते.

पैसा

इथे जरा थांबून बघायला हवं, कारण फसवणूक जवळजवळ सगळी इथेच असते.

वित्त आयोगाचा पैसा ऑनलाइन निघतो. ग्रामसेवक पोर्टलवर प्रमाणक म्हणजे खर्चाचं व्हाउचर तयार करून त्यावर स्वतःची डिजिटल सही करतो, सरपंच आपल्या डिजिटल सहीने मंजूर करतात, मग पैसे ठेकेदाराच्या खात्यात जातात. ती डिजिटल सही म्हणजे पेन ड्राइव्हसारखा दिसणारा डोंगल आणि त्याचा पिन. व्यवहारात दोन्ही डोंगल संगणक परिचालकाच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असतात आणि दोन्हींचे पिन स्टिकरवर लिहून त्यांनाच चिकटवलेले असतात. म्हणजे दोघांच्या सह्या एकाच माणसाला करता येतात. दोन सह्यांची अट ज्या कारणासाठी घातली ते कारणच संपलं.

डोंगल ताब्यात घेतानाची पद्धत अशी. आधी पिन बदला. परिचालकाला समोर बसवून, डोंगलसोबतच्या सॉफ्टवेअरमधून ‘चेंज पिन’ करायचं, नवा आकडा स्वतः टाकायचा. जन्मतारीख किंवा मोबाइलचे शेवटचे आकडे नकोत, घरात सगळ्यांना पाठ असतात. पिन चुकीचा पुन्हा पुन्हा टाकला तर डोंगल लॉक होतो आणि मग तालुक्याच्या फेऱ्या सुरू होतात, म्हणून दोनदा चुकला की थांबायचं. डोंगल घरी कपाटात, कुलपात. आठवड्यातला एक वार मंजुरीसाठी ठरवा, उदाहरणार्थ गुरुवार. ‘मॅडम, अर्जंट आहे, मार्चएंड आहे’ हे वाक्य फेब्रुवारीपासून ऐकू येईल. मार्चएंड दरवर्षी 31 तारखेलाच येतो, त्यात अर्जंट काही नाही. डिजिटल सहीची मुदतही बघून ठेवा. मुदत ऐन मार्चमध्ये संपते आणि नूतनीकरणाच्या फॉर्मवर पुन्हा कुणाचा तरी दुसराच नंबर पडतो.

मंजूर करण्याआधी पाच कागद समोर हवेत: कामाचा ठराव, अंदाजपत्रक आणि तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, अभियंत्याच्या मोजमाप पुस्तिकेतली नोंद, आणि बिल. यातला चौथा कागद बिलाच्या दिवशी ‘साहेबांकडे आहे’ असतो. तो आल्याशिवाय डोंगल लावू नका.

मोजमाप समजायला अभियंता व्हावं लागत नाही. समजा गल्लीचा काँक्रीट रस्ता आहे: लांबी 50 मीटर, रुंदी 3 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. गुणाकार करा, 50 गुणिले 3 गुणिले 0.15, म्हणजे साडेबावीस घनमीटर काँक्रीट. लांबी-रुंदी कुणीही पावलांनी मोजू शकतं, म्हणून तिथे सहसा चोरी होत नाही. चोरी जाडीत होते. तीच जाडी 10 सेंटिमीटर भरली तर काँक्रीट 15 घनमीटरच लागतं. एक-तृतीयांश माल वाचला आणि रस्ता वरून तसाच दिसतो. मोजायची वेळ एकच: काँक्रीट घट्ट झाल्यावर बाजूच्या फळ्या काढतात आणि साइडपट्टीचा मुरूम अजून टाकलेला नसतो, तेव्हा. दोन महिला सदस्यांना घेऊन टेप कडेला उभी धरा, तीन-चार ठिकाणी, टेपसकट फोटो काढा. मुरूम पडल्यावर काही दिसत नाही. ठेकेदार एकदा हे बघतो आणि पुढच्या कामाला जाडी आपोआप सुधारते.

ग्रामनिधीचे चेक सरपंच आणि ग्रामसेवक या दोघांच्या सहीने निघतात. कोऱ्या चेकवर सही नाही, ‘फक्त लाइटबिलासाठी’ असली तरी नाही. चेक लिहून आला की रक्कम, नाव, प्रमाणक क्रमांक बघायचा आणि चेकबुकात राहणाऱ्या अर्धुकावरही सही करायची. घरात कुणी ‘माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणालं तर सांगा की, लेखापरीक्षणात वसुली निघाली तर नोटीस तुमच्या नावाने येते, नवऱ्याच्या नावाने येत नाही. हे वाक्य पुष्कळ घरांत लागू पडतं, कारण ते खरं आहे.

कोणता पैसा कशासाठी, हे पाठ असावं. 15व्या वित्त आयोगाच्या निधीत 2021-22 पासून 60 टक्के बंधित ठेवले होते, त्यातले निम्मे पाण्यासाठी आणि निम्मे स्वच्छतेसाठी, उरलेले 40 टक्के अबंधित. गावाला 10 लाख आले तर 3 लाख पाण्याला, 3 लाख स्वच्छतेला, 4 लाख गावाच्या गरजेप्रमाणे. आयोग बदलला की अटी बदलतात, त्यामुळे चालू वर्षाचं परिपत्रक पंचायत समितीतून मागून घ्या. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. स्वतःचं उत्पन्न 4 लाख असेल तर महिला-बालकल्याणाचे 40,000 होतात. हे पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शिलाई मशीनच्या बिलात संपतात आणि मशीन कुठे गेलं ते सांगायला कुणी नसतं. जुलैमध्येच महिला सभेत ठरवा आणि डिसेंबरच्या आत खर्च करा.

महिला ग्रामसभा

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्यायच्या आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर सगळीकडे होते. अंगणवाडीत आठ-दहा बायका बोलावून सह्या घेतल्या की झाली. खरी घ्यायची असेल तर जागा मंदिराच्या सभामंडपाऐवजी शाळेत ठेवा, नाहीतर काही वस्त्यांमधल्या बायका येत नाहीत. दवंडीवर विसंबू नका, बचतगटाच्या अध्यक्षांमार्फत गल्लीनिहाय निरोप द्या. एका सभेला तीनच विषय. तीन ठराव झाले की त्यांची प्रत ग्रामसेवकाला पोच घेऊन द्यायची, आणि दुसऱ्या दिवशीच्या ग्रामसभेत पहिला विषय म्हणून तेच वाचायचे. महिला सभेचे ठराव ग्रामसभेपुढे ठेवले गेलेच नाहीत, हा सगळ्यात नेहमीचा बिघाड आहे.

दुसरा बिघाड कोरमचा. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 माणसं, यांपैकी जो आकडा कमी तो लागतो. सात दिवस आधी नोटीस. काही गावांत ग्रामसभा मुद्दाम तहकूब होऊ देतात, कारण तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग आठवड्याने वीस माणसांत घरकुलाची यादी मंजूर होते. शंभर बायका महिला सभेतून सरळ ग्रामसभेला आल्या तर कोरम तिथेच पुरा होतो आणि हा डाव चालत नाही. आरक्षणाची ताकद एका खुर्चीत कमी आणि या शंभर बायकांत जास्त आहे, असं आमचं मत आहे.

दारूच्या दुकानाचा विषय याच सभेतून सुरू होतो. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान घेतलं जातं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं हवीत, आणि निम्मी म्हणजे आलेल्यांची नव्हे, यादीतल्या मतदारांची. पुष्कळ गावं इथेच हरतात. मतदानाच्या दिवशी उत्साह असतो, पण माहेरी गेलेल्या, ऊसतोडीला गेलेल्या बायका यादीत असतात आणि मोजणीत नसतात. म्हणून तारीख मागताना हंगाम बघा आणि सह्यांची मोहीम सुरू करण्याआधी मतदार यादीवर खुणा करून कोण गावात आहे ते मोजा.

घरच्या माणसाचं काय करायचं

‘सरपंचपती’ हा शब्द गमतीचा राहिलेला नाही. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने नेमलेल्या समितीने 2025 च्या सुरुवातीला दिलेल्या अहवालात असा प्रकार सिद्ध झाल्यास जरब बसेल अशी शिक्षा असावी, अशी शिफारस केली. शिक्षेने काय होईल ते होवो, घरात रोज एकत्र जेवायचं असतं. त्यामुळे पूर्ण बंदीपेक्षा वाटणी चालते. तालुक्याला गाडीवर नेणं, निवडणुकीचं राजकारण, गावातल्या बातम्या आणणं ही कामं नवऱ्याने करावीत. सही, शिक्का, डोंगल, फोन, ठेकेदाराशी बोलणं ही पाच कामं त्याच्याकडे जाऊ नयेत. ठेकेदार घरी आला तर त्याला एकच उत्तर द्यायचं: ‘मंगळवारी दोन ते चार कार्यालयात असते, तिथे या.’ आठवड्यातून दोन दिवस, दोन-दोन तास कार्यालयात बसण्याची वेळ फलकावर लिहा आणि त्या वेळी तिथे असा. पहिले दोन महिने कुणी येणार नाही. तिसऱ्या महिन्यात दाखल्यासाठी म्हातारी माणसं यायला लागतात, मग बाकीचे.

पंचायत समितीत एकट्या जाऊ नका, दोन महिला सदस्य सोबत घ्या. यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेची प्रशिक्षणं असतात, तिथेही नवरा ‘सोबत’ येऊन पुढच्या रांगेत बसतो. त्याला कँटीनमध्ये बसवावं.

झालेलं काम दाखवा. प्रत्येक कामावर फलक: कामाचं नाव, रक्कम, तारीख, ठराव क्रमांक, सरपंचांचं स्वतःचं नाव. ‘सौ.’ आणि नवऱ्याच्या नावामध्ये तुमचं नाव हरवणार नाही एवढ्या मोठ्या अक्षरात.

अविश्वास आणि राजीनामा

अविश्वासाची नोटीस सदस्य तहसीलदारांना देतात. महिलांसाठी राखीव पदावर महिला सरपंच असेल तर ठराव मंजूर व्हायला मतदानास पात्र सदस्यांच्या तीन-चतुर्थांश मतं लागतात. नऊ जण पात्र असतील तर सात. म्हणजे तीन माणसं पक्की असली की ठराव पडतो. पाच वर्षं नऊच्या नऊ जणांना खूश ठेवण्यापेक्षा तिघांना रोज विश्वासात घेणं जमण्यासारखं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचाविरुद्ध पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने ठराव आणता येत नाही, आणि तो मंजूर झाला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानाने पक्का व्हावा लागतो. इथे पुन्हा त्या शंभर बायका कामाला येतात.

जास्त धोका राजीनाम्याचा. गटात ‘सव्वा-सव्वा वर्ष’ अशी वाटणी ठरलेली असते आणि निवडणुकीआधीच कोऱ्या कागदावर सही घेतलेली असते. अशी सही देऊ नका. दिली असेल तर गटविकास अधिकारी आणि पंचायत समितीचे सभापती यांना आजच लेखी कळवा की, माझ्या प्रत्यक्ष उपस्थितीशिवाय आलेला राजीनामा माझा समजू नये, आणि पोच घ्या. राजीनामा खरा की खोटा यावर वाद झाला तर जिल्हाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पण मुदत मोजक्या दिवसांची असते. तेव्हा वकील शोधण्यात आठवडा घालवू नये.

आरक्षण फिरल्यावर

पाच वर्षांनी सोडत निघते आणि जागा खुली होते. शिकलेली बाई घरी जाते आणि नवी शिकायला लागते, हा आरक्षणावरचा सगळ्यात योग्य आक्षेप आहे. पण मुंबई महापालिकेतलं एक उदाहरण वेगळं सांगतं. 1997 मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि 2002 मध्ये खुले झालेले प्रभाग एका संशोधकाने तपासले. आधी राखीव नसलेल्या प्रभागांच्या तुलनेत तिथे बाई निवडून येण्याची शक्यता जवळपास पाचपट होती. म्हणजे खुल्या जागेवर उभं राहायचं असेल तर आरक्षण संपण्याच्या वर्षभर आधीपासून तयारी हवी: पाच वर्षांच्या कामांची रकमेसह एक पानी यादी, ती घराघरात वाटलेली, आणि पॅनलप्रमुखाशी ‘माझी जागा खुली झाली तरी मी लढणार’ हे बोलणं सोडतीआधी, सोडतीनंतर नव्हे. मतदार यादी फोडली जाते तेव्हा आपल्या वस्तीची नावं कुठल्या प्रभागात गेली ते तपासून हरकत मुदतीत घ्यावी.

जाताना एक काम उरतं. मुदत संपली तरी जुना डोंगल चालू राहू शकतो, आणि तो ड्रॉवरमध्ये पडून असेल तर तुमच्या सहीने बिलं निघू शकतात. पंचायत समितीला पत्र देऊन आपली डिजिटल सही पोर्टलवरून काढून टाकायला सांगा, नोंद निघाल्याचं पानाचं प्रिंट घ्या, बँकेत नमुना सही बदलल्याचं पत्र घ्या आणि डोंगल पोच घेऊनच परत करा. ही तीन कागदं घरी, लेखापरीक्षण पूर्ण होईपर्यंत.